पायोनियरातला प्यून

तुरेवाडी, ४ जानेवारी १९९६

कौसल्याअक्का,

जयभीम. मी मजेत, तू मजेत असशील, म्हशीला रेडकू झालं. ख्यालीखुशाली संपली, आता कामाचं.

तू बदनापूरला पोरांना इंग्रजी शिकवतीस म्हून इचारतो. पायोनियर म्हंजे काय? आन त्याचं स्पेलिंग काय? जल्दी सांग. बारा तारखेच्या आत पाहिजे.

त्याचं आसं झालं. आपल्या शाळेचे संस्थापक तातेराव साहेब यांची एकसष्टी हाये बारा तारखेला. शाळेच्या फाटकावर मोठा बोर्ड लावायचाय आन काम मला भेटलंय. वर शाळेचं नाव, खाली साहेबांचं नाव, आन नावाखाली इंग्रजीत ते पायोनियर. मी हेडमास्तर रामकिसन सरांना म्हणलं, मराठीत लिहू ना. तर म्हणले, "मराठीत सगळेच लिव्हतेत. साहेबांचा पुतण्या पुण्याहून फोनवर बोलला, काकांना पायोनियर म्हणा, त्याला वजन हाये."

"मंग सर, स्पेलिंग लिहून द्या."

"दहावीला इंग्रजीत कितीदा बसलास?"

"येत असतं तर येकदाच बसलो असतो, सर."

"पिओनियर. बोलतेत तसंच लिव्हतेत. जा."

अक्का, त्यांनाबी येत न्हाई. बोलताना चष्मा पुसत होते. येत नसलं की ते चष्मा पुसतेत, हे मला पाचवीपासून माहीत हाये.

तू म्हणशील हा पुन्हा कायतरी खोडी काढून राह्यला. बिलकुल न्हाई. गिरणीवर "उधार मागून लाजवू नका" मधला व मी खाल्ला होता, कबूल. त्यानंतर गावात कुणी लाजलंबी न्हाई. पण ह्या टायमाला मला सीधं काम करायचंय. बाबा पयल्यांदा काय म्हणले असतील तर हे, "कडूबा, ज्या शाळेत मी शिपाई हाये, घंटा वाजवतो, तिथं तरी शहाण्यासारखं रंगव." मी त्यांच्या डोक्यावर हात ठिवून हो म्हणलं. ते म्हणले, डोक्यावरचा हात काढ, रंग लागला.

तुझा मामेभाऊ,
कडूबा पेंटर


बदनापूर, ८ जानेवारी १९९६

प्रिय कडूबा,

पत्र आज मिळालं, आजच उत्तर टाकते.

पायोनियर म्हणजे पहिला. एखाद्या कामात सगळ्यांच्या आधी ज्यानं पाऊल टाकलं तो. आपल्याकडं भाषणात अग्रणी म्हणतात ना, तसं. तातेराव साहेबांनी त्या भागात पहिलं हायस्कूल काढलं, म्हणून त्यांना म्हणत असतील.

स्पेलिंग: पी, आय, ओ, एन, ई, ई, आर. पी नंतर आय आहे, ई नाही. हे पुन्हा वाच. ई नाही.

आणि ऐक, हे काम देखणं कर. तातेराव साहेबांना खूश ठेव. तुझ्या अंगात जे काही येतं ते त्या दिवशी घरी ठेवून जा. का सांगते ते विचारू नको. नेहमी काय तुझ्याच घरचं पाहायचं, दुसऱ्याचंही काही असतं.

मामांना, मामीला जयभीम. रेडकाचं नाव काय ठेवलं?

तुझी,
कौसल्याअक्का


तुरेवाडी, १५ जानेवारी १९९६

अक्का,

तुझं पत्र परवा आलं. म्हंजे तेराला. पोस्टमन त्याची तूर काढायला गेल्ता, अख्ख्या गावाची टपाल त्याच्या खळ्यावर पोत्याखाली पडून होती.

बोर्ड बाराला लागला.

आता हसू नको. मी लई डोकं चालवलं होतं. सरांनी सांगितलं पिओनियर. मी म्हणलं, पिओन तर मला येतं. शाळेत बाबाच्या खोलीच्या दारावर मीच लिव्हलंय, पी-ई-ओ-एन. आन राह्यलं ते नियर. ते इंजिनियरमधलं. तीर्थपुरीत गुत्तेदाराच्या हापिसावर इंजिनियर मीच रंगवलाय, शेवटी ई-ई-आर. दोन्ही बोर्ड पास झालेले, कुणी नावं ठेवली न्हाईत. मंग एकाचं मुंडकं घेतलं, एकाचं शेपूट, आन जोडलं. निळ्या पट्टीवर पिवळी अक्षरं, खाली सावली मारली. येवढा देखणा बोर्ड मी जिंदगीत केला न्हाई.

जालन्याहून एक रिटायर प्राध्यापक पाहुणे आल्ते. साहेबांनी दोरी वढली, पडदा बाजूला झाला, टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी मान वर केली आन माईक हातात असतानाच वाचलं, "तातेराव साहेब... प्यूनियर?" आन हसले. मुद्दाम न्हाई, हसू आलं बिचाऱ्यांना. मंग दहावीची पोरं हसली. मंग ज्यांना काहीच कळलं न्हाई ते सगळे हसले, त्यांचं हसणं लई वेळ चाललं.

साहेब मला म्हणले, "मला प्यून म्हणतोस?"

मी म्हणलं, "साहेब, अक्षर चुकलं. आत्ता शिडी लावतो, बदलतो."

रामकिसन सर मधीच म्हणले, "चूक न्हाई साहेब, खोडी हाये. मी बराबर सांगितलं होतं." चष्मा पुसत.

अक्का, आयुष्यात येकदा मी इमानदारीनं चुकलो, आन कुणी मानायला तयार न्हाई.

बाकी सगळं ठीक हाये. रेडकाचं नाव सर ठेवलंय.

कडूबा


बदनापूर, १८ जानेवारी १९९६

कडूबा,

"बाकी सगळं ठीक हाये." लाज वाटते का तुला हे लिहायला?

आई काल तिळगूळ घेऊन आली, तिनं सगळं सांगितलं. साहेबांनी मामांना बोलावलं होतं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की सगळ्या शाळेपुढं, गावापुढं माईकवर माफी मागायची, नाही तर दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायचं नाही. शाळा उघडली त्या दिवसापासून मामा तिथं आहेत. या वयात त्यांनी कुठं जायचं? जालन्याच्या एमआयडीसीत लोखंड उचलायला?

तू हे मला लिहिलं नाहीस. रेडकाचं नाव लिहिलंस.

आता मी सांगते ते कर. आज साहेबांच्या घरी जा. एकटा जा. पाय धर. म्हण, मीच खोडी केली, बापाचा काही दोष नाही. खरं-खोटं नंतर बघू. खोटं बोलायला तुला कधी जड गेलं नाही, एकदा घरच्यासाठी बोल. मामांवर ती वेळ येऊ देऊ नको.

आई इथं आठवडाभर आहे.

कौसल्या


तुरेवाडी, २० जानेवारी १९९६

अक्का,

गेल्तो. तुझं पत्र यायच्या आधीच गेल्तो, म्हून तुझं ऐकलं आसं समजू नको.

साहेब ओट्यावर बसले होते. मी म्हणलं, "साहेब, खोडी माझी. मला काय करायचं ते करा. थोबाडीत मारा, बोर्ड फुकट घ्या." साहेब म्हणले, "तुला मारून काय होईल? तुला तर सवयच हाये. बाप वाकला तर तू ध्यानात ठेवशील."

हे ऐकून मी पाय सोडले. धरले होते, पण सोडले.

तुला न्हाई लिव्हलं, कारण लिव्हायला लागलो की हात थांबू राह्यला होता. अक्का, बाबांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शाळेतून येतेत, टोपी खुंटीला लावतेत, म्हशीला वैरण टाकायला जातेत. काल मी मागून गेलो तर म्हशीपुढं उभं राहून म्हणू राह्यले होते, "साहेब, लेकराकडून चूक झाली, मोठ्या मनानं..." मंग थांबले. मंग पुन्हा पहिल्यापासून, "साहेब, लेकराकडून..." माफी पाठ करू राह्यलेत. म्हैस रवंथ करत ऐकत होती.

मी तिथनंच परत आलो.

आता मला सांग, तू इंग्रजीची बी.ए. बी.एड. हायेस. प्यून म्हणलं तर साहेबांना शिवी कशी लागली? बाबाला सगळं गाव प्यून म्हणतंय. त्यांच्या दारावर लिव्हलंय. ते रोज त्या पाटीखालून जातेत आन येतेत, त्यांची कधी कुणी माफी मागितली? जे बाबाचं काम हाये ते साहेबांची शिवी कसं काय झालं?

तू मला पाय धर म्हणतीस. तुला साहेबांची येवढी काळजी काऊन हाये, ते काय मला कळेना. शिकलेले लोक जल्दी घाबरतेत का?

मला फक्त येवढं काढून दे. हा प्यून शब्द आला कुठून? आन पायोनियर कुठून आला? माझ्या मनात खुटखुट हाये. दोन्हीमधी पिओन हाये, म्हून मी चुकलो. चुकायला कायतरी कारण असंल ना.

कडूबा


बदनापूर, २३ जानेवारी १९९६

कडूबा,

शिकलेले लोक घाबरतात. बरोबर ओळखलंस. तुझं पत्र वाचून दोन दिवस राग होता, मग आज सकाळच्या गाडीनं जालन्याला गेले. तिथल्या कॉलेजच्या लायब्ररीत एक डिक्शनरी आहे, उचलायला दोन हात लागतात. ग्रंथपाल म्हणाले, कोणता शब्द? मी म्हणाले, प्यून. ते म्हणाले, मॅडम, तो चहा आणायला गेलाय.

आता नीट वाच. मी हसत-हसत लिहीत आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

पायोनियर हा शब्द इंग्रजांनी फ्रेंच लोकांकडून घेतला. तिकडं त्याचा मूळ अर्थ पायी चालणारा सैनिक. घोड्यावरचा नाही, पायी. लॅटिन म्हणून जुनी भाषा आहे, तिच्यात पायाला जो शब्द आहे त्याच्यापासून तो निघाला. मग इंग्रजीत पायोनियर कोणाला म्हणायला लागले? सैन्याच्या पुढं कुदळ, फावडं, कुऱ्हाड घेऊन जाणाऱ्या माणसांना. झाडं तोडायची, खड्डे भरायचे, रस्ता करायचा, आणि मग त्या रस्त्यानं मागून सरदार येणार. त्यावरून पुढं अर्थ झाला "पहिला". भाषणात म्हणतात तो अर्थ सगळ्यात शेवटी आला. आपल्या सैन्यात आजसुद्धा पायोनियर नावाची तुकडी आहे, ती असलीच कामं करते.

आता प्यून. तो आपल्याकडं पोर्तुगीजांच्या तोंडून आला. त्याचाही अर्थ पायी चालणारा सैनिक. तोच लॅटिनमधला पाय. दोन्ही शब्द एकाच आज्याचे नातू आहेत, कडूबा. एक पुण्याला गेला, एक तुरेवाडीत राहिला.

आणि हे तर मला डिक्शनरीशिवाय कळायला पाहिजे होतं. प्यूनला आपण मराठीत काय म्हणतो? शिपाई. शिपाई म्हणजे तरी कोण?

तर स्पेलिंग तुझं चुकलं आहे. ते चुकलंच आहे, त्यात पळवाट काढू नको. पण तू जोडलंस ते एका घरातलंच जोडलंस.

मामांना हे सगळं वाचून दाखव. पुढं काय करायचं ते त्यांना ठरवू दे, तू ठरवू नको. मी पाय धर म्हणाले होते ते मागं घेते.

कोणी विचारलं हे कोणी सांगितलं, तर माझं नाव घे. पूर्ण घे, बी.ए. बी.एड. सहित. पोस्टावर भरवसा नाही, आईच्या हातानं पाठवते.

अक्का


तुरेवाडी, २८ जानेवारी १९९६

अक्का,

बस. आधी पाणी पी. मंग वाच.

पंचवीसला उषाआत्यानं तुझं पत्र आणलं. मी बाबाला वाचून दाखवलं. कुदळ-फावडं आलं तवा त्यांनी म्हशीचा दोर सोडला आन जवळ येऊन बसले. म्हणले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. म्हणले, "शिपाई म्हंजे ते लढाईतला?" मी म्हणलं, "व्हय." म्हणले, "मला वाटलं चहा आणतो तो." आन झोपायला गेले. माफी म्हणली न्हाई त्या दिवशी.

सव्वीसला झेंडा झाला. पोरं रांगंत बसलेली, बाया एका अंगाला, साहेब खुर्चीत. रामकिसन सरांनी माईकवर सांगितलं, आता आपले शिपाई धर्मराज दोन शब्द बोलतील. काय शब्द ते सगळ्यांनाच माहीत होतं.

बाबा गेले. माईक त्यांच्या तोंडापेक्षा वर होता, त्यांनी तो रोज दुसऱ्यांसाठी खाली-वर केला असंल, पण स्वतःसाठी करना. तसेच बोलले.

"साहेब, बोर्डावर स्पेलिंग चुकलं. पोराचं चुकलं. त्या स्पेलिंगची मी माफी मागतो."

सरांनी मान हलवली, झालं म्हून टाळी वाजवायला हात वर केले. बाबा हटले न्हाईत.

"पण तुम्हाला प्यून म्हणलं, त्याची माफी मागत न्हाई. मी प्यूनच हाये. मला सगळे प्यून म्हणतेत. मी आजवर कुणाला माफी मागाय लावली न्हाई."

अक्का, झेंड्याची दोरी खांबाला लागत होती तेवढाच आवाज.

साहेब उठले. "म्हंजे तू आन मी सारखे?"

मला राहवलं न्हाई. मी मागून म्हणलं, "सारखे न्हाई साहेब, नातेवाईक. पायोनियर म्हंजे सरदाराच्या पुढं कुऱ्हाड-कुदळ घिऊन जाणारा आन वाट करणारा पायदळी शिपाई. प्यूनबी तोच. पुस्तकात लिव्हलंय."

"कोणत्या पुस्तकात? तू दहावी नापास."

"मी नापास. कौसल्याअक्का बी.ए. बी.एड. हाये. तिनं जालन्याला जाऊन बघितलं."

साहेब हसले. "उषाबाईची कौसल्या? जिचा अर्ज माझ्या टेबलावर पडलाय? इंग्रजीच्या जागेसाठी?"

अक्का, मला माहीतच नव्हतं. आत्यालाबी नव्हतं, तिच्या हातातला पदर तसाच राह्यला.

पण साहेबांना आता जोर चढला होता. माईक त्यांनी स्वतः खाली केला आन सगळ्या गावाला सांगाय लागले, "वाट कुणी केली ते मला शिकवता? इथं बाभळीचं रान होतं. माणूस आत शिरत नव्हता, साप होते. ह्याच धर्मराजच्या हातात कुऱ्हाड दिली, पुढं घातला, आन म्हणलं, तोड. वाट झाली तवा मी गाडी घिऊन आत आलो. मी. आन ह्यांना वाटतं..."

झुंबरबाई बायांत बसल्या होत्या. तुला माहीत हाये, त्यांना माईक लागत न्हाई. म्हणल्या, "मंग साहेब, पुढं कोण होतं?"

साहेब बोलता-बोलता थांबले. जे बोलले ते त्यांना तवा ऐकू आलं. दहावीची पोरं हसली, पण ह्या बारीला ज्यांना काहीच कळत नसतं त्यांनाबी कळलं होतं.

"जिलेबी वाटा," साहेब म्हणले आन गाडीत बसले.

दुपारी रामकिसन सर घरी आले. दारातूनच म्हणले, "धर्मराज, उद्यापासून येऊ नको. साहेबांचा निरोप हाये."

बाबा म्हणले, "सर, तोंडी सांगितल्यानं काय होतंय ते बोर्डावर बघितलं. लिहून द्या."

"काय लिहू?"

"कारण लिव्हा."

सर कारण काय लिव्हणार, माफी मागितली म्हून काढला? चष्मा पुसला आन गेले. बाबा काल गेले शाळेत, आजबी जातील म्हणू राह्यलेत, आज रविवार हाये आसं सांगितलं तवा बसले. कागद आला न्हाई.

बोर्डावर साहेबांच्या नावाखाली पांढरा पट्टा मारलाय, दुसऱ्या पेंटरकडून. उन्हात खालची पिवळी अक्षरं दिसतेत. मी रंग चांगला वापरतो.

आता तू सांग. अर्ज दिला होतास तर नाव घे काऊन म्हणलीस? मी तुला घाबरट म्हणलं. कागदावरून शब्द परत घेता येत न्हाई, न्हाई तर घेतला असता.

कडूबा


बदनापूर, १२ फेब्रुवारी १९९६

कडूबा,

पत्र वाचलं. आईनं तोंडानंही सांगितलं, तिनं झुंबरबाईचा आवाज काढून दाखवला. शेजारच्या खोलीतल्या बाई काय झालं म्हणून बघायला आल्या.

अर्ज परत आला. जागा भरली असं लिहिलंय. मुलाखती पुढच्या महिन्यात आहेत असं जाहिरातीत छापून आलं होतं, पण जागा भरली.

तुला खोटं सांगत नाही, मला ती जागा पाहिजे होती. इथं तासावर शिकवते, सुट्टी पडली की घरी बसते. तुरेवाडीला आले असते तर आईजवळ राहिले असते. म्हणूनच पहिल्यांदा तुला साहेबांना खूश ठेव म्हणाले, आणि मग पाय धर म्हणाले. ते मामांसाठी म्हणाले असं मला तेव्हा वाटत होतं. अर्धं माझ्यासाठी होतं.

मग ती डिक्शनरी उघडली. आता तो अर्थ वाचून पुन्हा बंद करून ठेवायची आणि घरी यायचं, हे मला जमलं नसतं. पुन्हा विचारलंस तरी नाव घे असंच म्हणेन. रात्री झोप लागत नाही, हेही खरं.

मामांना अर्ज परत आल्याचं सांगू नको. त्यांना वाटेल त्यांच्यामुळं झालं. त्यांच्यामुळं झालं नाही, तातेरावांमुळं झालं. हे दोन्ही वेगळं असतं, हे मी आता पोरांनाही शिकवते.

बारावीच्या वर्गात मामांचं वाक्य सांगितलं, कोण बोललं ते न सांगता. एक मुलगी म्हणाली, मॅडम, हे वकील होते का?

घाबरट म्हणालास ते राहू दे. बरोबर ठिकाणी लागलं.

अक्का


तुरेवाडी, २० मार्च १९९६

अक्का,

तू बाबाला सांगू नको म्हणलीस म्हून मी न्हाई सांगितलं. आत्यानं सांगितलं. त्या दिवसापासून साहेब शाळेत आले की बाबा उठून उभे राहत न्हाईत. बसूनच जयभीम घालतेत. साहेबांनाबी घ्यावा लागतो.

आता नवीन ऐक. शाळेला नळ यायलाय. विहिरीपासून शाळेपर्यंत चारी खांदायची, पाइप टाकायचा. काल कुदळ मारायचा कार्यक्रम होता. आपल्याकडं कसं असतं, तुला माहीत हाये. कुदळीला हळदकुंकू, नारळ, साहेब कुदळ हातात धरतेत, जमिनीला टेकवतेत, फोटू निघतो, आन मंग कुदळ बाबाच्या हातात येती. आजवर इथं जे काय बांधलं ते आसंच. शाळेची खोली, संडास, कंपाउंड. फोटूत साहेब, खड्ड्यात बाबा.

काल फोटू निघाला. साहेबांनी न बघताच कुदळ बाजूला केली, नेहमीसारखी. तिथं कुणीच नव्हतं. बाबा लिंबाखाली बसलेले, पायावर पाय टाकून.

रामकिसन सर म्हणले, "धर्मराज, चल."

बाबा म्हणले, "साहेबांच्या हातात हाये की कुदळ."

"अरे, पण सुरुवात कुणीतरी..."

"तेच तर. पहिल्या घावाचा मान त्यांचा. मी कशाला मधी येऊ?"

गावात आता एक शब्द झालाय, अक्का. कुठं काम आडलं, कुणी पुढं होईना, की म्हणतेत, अरे प्यूनियर कोण होतो? कापूस वेचायला लागलेल्या बायाबी म्हणतेत. स्पेलिंग कुणालाच येत न्हाई, पण अर्थ बराबर घेतेत. झुंबरबाई म्हणल्या, "व्हा साहेब, प्यूनियर व्हा. बोर्डावर तुमचंच नाव हाये."

साहेबांनी सगळीकडं बघितलं. फोटूवाला अजून उभा होता. मागं फिरावं तर सगळं गाव, कुदळ टाकावी तर पुजलेली. शेवटी त्यांनी घड्याळ काढून सरांकडं दिलं. बाह्या वर केल्या. आन मारली.

पहिला घाव वाकडा पडला. दुसरा दगडावर. तिसऱ्याला माती निघाली. अक्का, मला वाटलं होतं मी हसून लोळंल. न्हाई हसलो. म्हातारा माणूस हाये, श्वास लागला होता, पण थांबला न्हाई. कुणी टाळी वाजवली न्हाई, कुणी बसाबी म्हणलं न्हाई. हातभर चारी झाली.

मंग बाबा उठले. मला वाटलं आता कुदळ घेतेत. सरांनाबी वाटलं, त्यांनी हातानं वाट दाखवली. बाबांनी फावडं घेतलं, साहेबांच्या मागं गेले आन त्यांनी काढलेली माती बाजूला वढाय लागले.

साहेबांनी मागं बघितलं, कुदळ पुढं केली.

"चालू द्या, साहेब," बाबा म्हणले. "मी हाये मागं."

तुझा,
कडूबा